सहा माणसं आणि तीन बाइक : तुमच्या दोन स्टारच्या रिव्ह्यूवर आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमच्या व्हॅनमध्ये आम्ही सीट बसवून बाइक न्यायची सोय करून दिली, त्यावरचा तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला आणि आज सकाळी काम सुरू करायच्या आधी वर्कशॉपमधल्या सगळ्यांना वाचून दाखवला. तुम्ही लिहिलंय की ठरलं होतं सहा माणसं आणि तीन बाइक, आणि मिळाली पाच माणसं आणि दोन बाइकची व्हॅन. चार आठवडे सांगून सात लावले. मधलं पार्टिशन नको म्हणत असताना घातलं, बाकडं बसवायला नकार दिला, तिसऱ्या बाइकसाठी मागे कॅरिअर मागितलं तर तेही नाही म्हणालो. दोन्ही बाइकची हँडलं एकमेकांत अडकतात आणि पहिल्याच ट्रिपमध्ये मोठ्या बाइकच्या पुढच्या शॉकपचं ऑइल सील गेलं. यातलं जे आमचं चुकलं ते आधी लिहितो.

व्हॅन घ्यायच्या आधी तुम्ही फोन केला होता आणि आमच्या वर्कशॉपमधल्या मुलाने "हो, त्या व्हॅनमध्ये सहा जण आणि तीन बाइक बसतात" असं सांगितलं. त्याने लांबी-रुंदी बघितली, वजन बघितलंच नाही. तुम्ही त्या शब्दावर गाडी घेतलीत. ही सगळ्यात मोठी चूक आणि ती आमची, बाकीची निम्मी भांडणं त्यातूनच आली. उशिराचंही तसंच, सीट यायला दोन आठवडे जास्त लागले हे खरं, पण त्याच दिवशी फोन करून सांगायला पाहिजे होतं, ते तुम्हाला चार वेळा विचारावं लागलं, याचं मला फार वाईट वाटलं.

हँडलचं सांगतो. तुमच्या व्हॅनची आतली रुंदी जिथे सगळ्यात जास्त आहे तिथे १८७० मिमी, आतून प्लायवूड लावल्यावर साधारण १८५० उरते. आम्ही बाइकची रुंदी माहितीपत्रकातून घेतली, ८६० मिमीच्या आसपास, म्हणजे दोन मिळून १७२०, आरामात बसतंय असं वाटलं. पण तुमच्या दोन्ही बाइकना हँडगार्ड आहेत आणि ते धरून एकेक बाइक ९५० भरते, दोन मिळून १९००, म्हणजे शेजारी शेजारी सरळ उभ्या केल्या तर अडकणारच. टेप लावून मोजायला दोन मिनिटं लागतात आणि आम्ही ती दिली नाहीत. उपाय सोपा आहे, डावा व्हील चॉक, म्हणजे बाइकचं पुढचं चाक ज्यात अडकवतात तो खाचा, ३५ सेंमी मागे घ्यायचा म्हणजे एक हँडल दुसऱ्याच्या मागे जातं. पार्टिशनपासून मागच्या दरवाजापर्यंत साधारण २६५० मिमी आहेत आणि तुमची लांब बाइक २२०० ची, तेव्हा तेवढी जागा निघते. खर्च आमचा.

ऑइल सीलचंही आमच्याकडेच येतं. व्हॅन देताना पट्टे कसे ओढायचे हे दाखवलं नाही, नुसते दिले. तुम्ही पट्टा आवळायचा रॅचेट पूर्ण ओढला, कोणीही ओढेल, बाइक हलता कामा नये असंच वाटतं. पण शॉकप पार खाली बसेपर्यंत ओढला की आतलं प्रेशर वाढतं आणि काही तास खड्ड्यातून गेलं की सीलमधून ऑइल यायला लागतं. साधारण निम्मा दबेल इतकाच ओढायचा, पट्टा हँडलच्या टोकाला न लावता सॉफ्ट लूप (मऊ पट्ट्याचा फास) दोन्ही शॉकपना जोडणाऱ्या खालच्या ब्रिजला घालायचा, पुढे दोन मागे दोन, पट्टे साधारण ४५ अंशात बाहेरच्या बाजूला जातील असे, साइड स्टँड वर. आणि निघाल्यावर वीस-तीस किलोमीटरनी थांबून परत बघायचं कारण पट्टे बसतात आणि सैल होतात, हे मी स्वतः आजही न चुकता करतो. सील आम्ही बदलून देतो.

आता तिसरी बाइक आणि सहावा माणूस. इथे मी माघार घेणार नाही, पण का ते नीट सांगायचंय कारण त्या वेळी तुम्हाला फक्त "होत नाही" एवढंच कळलं.

तुमच्या व्हॅनची एकूण वजनाची मर्यादा ३५०० किलो आहे. काम सुरू करायच्या आधी आम्ही ती डिझेल फुल करून ड्रायव्हरसकट वजनकाट्यावर घातली, २३१० किलो भरली, पावती तुमच्या फाइलमध्ये आहे. उरले ११९०. त्यातून फ्रेमसकट तीन सीट १२०, पार्टिशन ४५, प्लायवूड आणि वरचा पत्रा ६०, खिडक्या आणि आतलं लायनिंग ३५, चॉक ज्यावर बसतात त्या फ्लोअरवरच्या रेल, चॉक आणि रॅम्प ४०, असे ३०० गेले, राहिले ८९०. हे वजन कोणी धरत नाही आणि इथेच सगळ्यांचा हिशोब चुकतो, रिकाम्या व्हॅनचं माहितीपत्रक बघून बाइक मोजायला बसतात. आता सहा माणसं हवी असतील तर एक सीट अजून, म्हणजे ८६०, ड्रायव्हर सोडून पाच जण, जॅकेट-बूट-हेल्मेटसकट ९० किलो धरा, ४५० झाले, बाकी ४१०. तुमच्या तीन बाइक २५०, २१५ आणि १९५, एकूण ६६०. म्हणजे एकही बॅग न ठेवता २५० किलो जास्त. जागा होती हो, तीन बाइक आत जातात, मधली उलटी घातली की जातात, मी स्वतः घालून बघितल्या. पण वजन बसत नव्हतं. पाच जण आणि दोन मोठ्या बाइकना ६५ किलो सामानाला उरतात. तीन बाइक न्यायच्याच असतील त्या दिवशी ड्रायव्हर धरून तीनच माणसं, मग ५० किलो उरतात, आणि व्हॅन त्यासाठी तयार करून दिलीय, तिसरा चॉक रेलवर बसतो.

मागच्या कॅरिअरचा तुमचा आग्रह मला समजतो, बाहेरून बघताना सोपं दिसतं. पण बघा, दोन बाइक आत ठेवल्या की त्यांचं वजन जवळपास मागच्या चाकांच्या डोक्यावरच येतं, ती चाकं आधीच भरलेली. आता २०० किलोची बाइक दरवाजाच्याही मागे टांगली तर ती मागच्या एक्सलच्या दीड मीटर मागे जाते. तुमचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या एक्सलमधलं अंतर, ४०३५ मिमी आहे, तरफेचा हिशोब केला तर मागच्या एक्सलवर २०० नाही, सुमारे २७५ किलो येतात आणि पुढचा एक्सल ७५ किलोनी उचलला जातो. तुमची व्हॅन फ्रंट-व्हील ड्राइव्ह, म्हणजे ओढणारीही पुढची चाकं आणि वळवणारीही तीच, ओल्या चढावर ती हलकी झालेली मला नकोत. एकूण वजन मर्यादेत असूनही एकटा मागचा एक्सल जास्त भरू शकतो, म्हणून काट्यावर पुढची-मागची चाकं वेगवेगळी घालून बघावी लागतात. फ्रंट-व्हील ड्राइव्ह व्हॅन वाईट असं अजिबात नाही, उलट बाइकसाठी मी तीच सुचवतो, तिची फ्लोअर जमिनीपासून साधारण ५३-५४ सेंमीवर असते आणि २.४ मीटरच्या रॅम्पवर चढ १३ अंशाचा पडतो. ७० सेंमी उंच फ्लोअर असली की तोच रॅम्प १७ अंश, आणि २५० किलोची बाइक ढकलताना ते चार अंश पाठीला कळतात. तुम्ही रॅम्प लांब आहे आणि अडचण होते असं लिहिलंय, दीड मीटरचा दिला असता तर चढ २१ अंश झाला असता आणि वरच्या कडेला इंजिनचं खालचं गार्ड घासलं असतं. घडीचा रॅम्प मात्र देता येईल, तो विचार आधी करायला हवा होता.

बाकड्याबद्दल तुम्ही लिहिलंत की दुसऱ्या एका ठिकाणी एका दिवसात बसवून देतायत. देत असतील. प्लायवूडला स्क्रू मारून आडवं बाकडं बसवायला खरंच एक दिवस लागतो. पण सीटबेल्टच्या अँकरची टेस्ट कशी असते ते सांगतो, युनायटेड नेशन्सच्या रेग्युलेशन १४ मध्ये प्रवासी गाडीच्या तीन पॉइंटच्या बेल्टला खांद्याच्या पट्ट्यावर १३,५०० न्यूटन आणि कमरेच्या पट्ट्यावर तेवढंच, एकाच वेळी ओढतात. म्हणजे प्रत्येकी पावणेचौदाशे किलोच्या आसपास, एका माणसासाठी पावणेतीन टन. प्लायवूड आणि स्क्रू सोडा, नुसत्या पत्र्यालाही मी ते काम देणार नाही, टेस्ट झालेली सीट आणि खाली चासीला जोडलेली फ्रेम, त्याशिवाय माणूस बसवायचा नाही. आणि आडवा बसलेला माणूस पुढून धडक झाली की कुशीवर फेकला जातो, बेल्ट त्या दिशेसाठी बनलेलाच नसतो, युरोपात नव्या प्रवासी गाड्यांमध्ये अशा आडव्या सीटना बंदीच आहे. शिवाय सीट वाढवल्याची नोंद गाडीच्या कागदांवर नसेल तर इन्शुरन्सवाले क्लेमच्या वेळी हात वर करू शकतात. मागच्या रांगेत तुमची मुलं बसणार होती सर, तुम्हीच सांगितलं होतंत, मी कसं हो म्हणणार होतो?

पार्टिशनचंही त्यातच आलं. माल बांधायचं जे युरोपियन मानक आहे, ईएन १२१९५-१, त्यात पुढच्या दिशेला वजनाच्या ०.८ पट जोर धरतात, जोरात ब्रेक मारला तर येतो तेवढा. आमचे पट्टे आणि रेल त्याच्याहून बऱ्याच जास्त ताकदीचे आहेत. पण ५० च्या स्पीडला धडक होऊन गाडी ६० सेंमीत थांबली तर जोर सरासरी सोळा पट येतो, २५० किलोची बाइक चार टनाच्या जोरानी पुढे येते आणि तिच्यापुढे पहिली रांग मुलांची. पट्टे त्यासाठी नसतात. म्हणून पोलादी फ्रेमचं, बॉडीला चारही बाजूंनी धरलेलं पार्टिशन.

दुसरं कारण पेट्रोल. त्याची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड, ती वर जात नाही, फ्लोअरवर साचते आणि पायाशी पसरत पुढे येते, म्हणून पार्टिशनला खालून रबर सील आहे आणि बाइकच्या भागाला खाली वेगळं व्हेंट दिलंय, ते सामान ठेवून बंद करू नका. टाकी काठोकाठ भरून बाइक आत घालू नका, २० लिटर पेट्रोल वीस अंशांनी तापलं की साधारण ४०० मिली फुगतं, ते कुठेतरी बाहेर येणारच. आणि व्हॅनच्या आत बाइक चालू करून गरम करणं तर कधीच नाही, दरवाजा उघडा असला तरी. मागचा भाग अंधारा वाटतो हे तुमचं म्हणणं बरोबर आहे, पार्टिशनमध्ये जाळीसकट काचेची खिडकी मोठी करून देता येईल, त्याने ताकद कमी होत नाही कारण फ्रेम तिच्या भोवतीने जाते.

आता पुढचं. एक दिवस ठरवून व्हॅन आणि तिन्ही बाइक घेऊन या, हँडगार्ड, साइड बॉक्स जसे लावून नेता तसेच लावून, काढू नका. चॉक हलवणं, सील, खिडकी, घडीचा रॅम्प, यातल्या कशाचंही बिल होणार नाही. मग तुमची सगळी माणसं आणि नेहमीच्या बॅगा भरून आपण काट्यावर जाऊ, पुढची चाकं वेगळी, मागची वेगळी, आणि टायरमध्ये हवा किती ठेवायची ते त्या आकड्यांवरून दाराच्या आतल्या बाजूला लिहून देतो. पट्टे बांधायचे कसे ते तुमच्या मुलांसमोरच दाखवतो, मोठा मुलगा बांधायला मदत करतो ना. फोनवर आता कोणालाही आकडा सांगायच्या आधी बाइकचं वजन आणि गाडीच्या कागदांचा फोटो मागायचा असं वर्कशॉपमध्ये ठरवलंय. रिव्ह्यू बदला असं मी म्हणत नाही, जे लिहिलंय ते तुमच्यासोबत झालंय. फक्त शनिवार सोडून कुठला दिवस जमेल ते कळवा, शनिवारी काट्यावर ट्रकची रांग असते.