गाडी बिघडली काय?

कोल्हापूर पायी बघायचं तुमच्या मनात आलं असेल तर आधी आरशासमोर उभे राहा. चेहरा असा ठेवायचा सराव करा की समोरच्याला वाटावं, यांची गाडी सर्व्हिसिंगला टाकली आहे आणि संध्याकाळी मिळणार आहे. हा चेहरा जमला की निम्मं काम झालं. अंतराचा या गावात प्रश्नच नाही. एसटी स्टँडपासून अंबाबाईच्या देवळापर्यंत रमतगमत गेलात तरी पाऊण तास पुरतो, आणि देवळापासून रंकाळा तलाव तर हाकेवर. प्रश्न आहे तो वाटेत भेटणाऱ्या माणसांचा.

साडेपाच लाख लोकसंख्येचं गाव म्हणजे फार अडचणीचं गाव. मुंबईत तुम्ही दादरपासून परळपर्यंत चालत गेलात तर कुणी ढुंकून बघत नाही. खेडेगावात सगळेच चालतात. इथं मात्र ओळख दाखवण्याइतकं गाव लहान आणि प्रत्येकाच्या बुडाखाली गाडी असण्याइतकं मोठं. तुम्ही व्हीनस कॉर्नरपर्यंत पोचलेले नसता, तोवर मागून हॉर्न वाजतो. हा हॉर्न रागाचा नसतो, प्रेमाचा असतो, आणि म्हणूनच त्यातून सुटका नसते.

"काय ओ सर, चालत? गाडी बिघडली काय?"

"नाही, नाही. असंच."

"असंच?"

या 'असंच?'मध्ये जी काळजी असते ती मी तुम्हाला लिहून दाखवू शकत नाही. नोकरी गेली काय, घरात भांडण झालं काय, डॉक्टरांनी काही सांगितलं काय, हे सगळं त्या तीन अक्षरांत येतं. मग "बसा की मागं, सोडतो" सुरू होतं. तुम्ही नको म्हणता. तो म्हणतो, लाजताय काय? तुम्ही म्हणता, मला चालायचंय. तो गाडी बंद करून स्टँडवर लावतो. आता मागच्या रिक्षाचाही हॉर्न सुरू झालेला असतो आणि तो मात्र प्रेमाचा नसतो. शेवटी तुम्ही बसता. तुम्हाला जायचं असतं दसरा चौकात, त्याला जायचं असतं राजारामपुरी सातव्या गल्लीत. म्हणजे तुम्ही राजारामपुरी सातव्या गल्लीत जाता, चहा पिता, त्याच्या मेव्हण्याच्या प्लॉटची भानगड ऐकता, आणि परत पायी निघता. पुढच्या कोपऱ्यावर दुसरा हॉर्न वाजतो.

तेव्हा माझा पहिला सल्ला : कारणाशिवाय चालू नका. चालण्याला कारण असलं की कोल्हापूरसारखं चालणारं गाव नाही. माघ महिन्यातल्या रविवारी जोतिबाचे खेटे घालायला हीच माणसं अंधारात उठून, अनवाणी, डोंगरापर्यंत चालत जातात. जोतिबा हिमालयाकडं निघाला तेव्हा त्याला परत आणायला खुद्द अंबाबाई चालत गेली, अशी त्यामागची कथा. आषाढात पंचगंगेचं नवं पाणी घागरीत घेऊन, पी-ढबाक वाजवत, लोक घाटापासून टेंबलाईच्या टेकडीपर्यंत जातात. म्हणजे गावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. त्या दिवशी कुणाची गाडी बिघडलेली नसते. दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यावर कढीपत्ता आणायला तोच भक्त बुलेट काढतो. म्हणून कुणी विचारलंच तर सरळ सांगा, "नवस आहे." पुढचा प्रश्न येत नाही. देवीशी वाद घालायची इथं पद्धत नाही.

दुसरं चालणारं कारण म्हणजे व्यायाम, पण त्याला जागा ठरलेली आहे. पहाटे रंकाळ्यावर बघा. तीन किलोमीटर गाडीवरून यायचं, गाडी लावायला जागा मिळेना म्हणून दोन चकरा मारायच्या, मग तलावाच्या कडेनं हात हलवत जोरात चालायचं आणि घामाघूम होऊन परत गाडीवर बसायचं. रंकाळ्यावर चाललात तर तब्येतीला जपणारे ठरता. रंकाळ्यापर्यंत चालत गेलात तर तुमच्याविषयी घरी चौकशीचा फोन जातो.

फूटपाथविषयी काही लोक उगाच तक्रार करतात. फूटपाथ आहे. त्यावर मोटारसायकली आहेत, चहाचा गाडा आहे, त्या चहाच्या गिऱ्हाइकांच्या मोटारसायकली आहेत आणि कुणातरी भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स आहे, ज्यावर भाऊंसकट त्रेचाळीस चेहरे आहेत. एवढी वर्दळ असताना तुम्हीही त्यात घुसायचं म्हणजे हट्टच झाला. तुम्ही रस्त्यावरून चाला. रस्त्यावर जे चालत नाहीत ते तुम्हाला सांभाळून घेतील. आणि अडथळ्यांचं फार मनावर घेऊ नका. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीस अंबाबाईचा किरणोत्सव असतो. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येऊन पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, मग वर छातीपर्यंत आणि मग मुखावर पोचावीत अशी मूळ बांधणी. पण त्यांच्या वाटेत इमारती उभ्या राहिल्या. मग मोजण्या, पाहण्या, अडथळ्यांच्या याद्या, बातम्या. जिथं सूर्याला महाद्वार रोडवरून सरळ जाता येईना, तिथं तुम्ही पिशवी घेऊन मधूनच वाट मागणार?

चालताना आजूबाजूला बघू नका, हे मात्र कळकळीनं सांगतो. गाडीवर असलं की हा धोका नसतो. नजर सिग्नलच्या आकड्यांवर असते. पायी माणसाचं डोकं रिकामं, त्यामुळं पाट्या वाचल्या जातात. दसरा चौकात उभं राहून वाचायला लागलात तर जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग, लिंगायत बोर्डिंग अशा पाट्या दिसतील. मग शंका येईल की एवढी बोर्डिंगं एका जागी कशी. मग कळेल की शाहू महाराजांनी शतकापूर्वी वेगवेगळ्या जातिधर्मांच्या पोरांना शिकायला राहायची सोय व्हावी म्हणून त्यांना हात दिला. मग मान आपोआप चौकातल्या त्यांच्या पुतळ्याकडं वळेल. एवढ्यात दहा मिनिटं गेली. तिथून बिंदू चौकात आलात की फुले आणि आंबेडकर यांचे पुतळे. ते 1950 साली इथले समाजसुधारक भाई माधवराव बागल यांच्या पुढाकारानं बसले, म्हणजे बाबासाहेब हयात असताना. गेली वीस वर्षं तुम्ही या चौकातून रोज दोनदा गाडीवरून जात होता आणि तुम्हाला फक्त पार्किंग फुल्ल आहे की नाही एवढंच माहीत होतं. किती सुखी होता. पुढं खासबाग मैदान लागेल. युरोपच्या दौऱ्यात रोमचं जुनं क्रीडांगण बघून शाहू महाराजांना आपल्या पैलवानांसाठी असं काहीतरी हवंसं वाटलं, आणि 1912 साली ते उभं राहिलं. त्याला लागून केशवराव भोसले नाट्यगृह. ऑगस्ट 2024 मध्ये ते जळालं. तिथं मात्र मी सल्ला द्यायचा थांबतो. त्या रात्री सगळं गाव रस्त्यावर उभं होतं आणि कुणी कुणाला 'चालत आलास काय' असं विचारलं नाही.

पत्ता विचारायचा असेल तर आधी इतिहास वाचून या. इथं वेस सांगतील, पण ती शोधू नका. गंगावेश, वरुणतीर्थ वेश ही नावं आहेत, दरवाजे केव्हाच गेले. तिकटी म्हणजे जिथं तीन रस्ते मिळतात ती जागा. मिरजकर तिकटी आणि पापाची तिकटी या दोन वेगळ्या आहेत, आणि दोन्हीकडं जायला सांगणारा माणूस हात मात्र एकाच दिशेला करतो. पाटीवर ताराराणी चौक लिहिलेलं असेल, रिक्षावाल्याला कावळा नाका म्हणा. "इथून किती लांब?" असं विचारू नका. उत्तर ठरलेलं आहे : "हे काय, गाडीवर दोन मिनिटं." चालत किती, असं विचारलंत तर तो बराच वेळ विचार करतो आणि म्हणतो, "चालत कुणी जात न्हाई."

आता बस. केएमटीबद्दल, म्हणजे महापालिकेच्या बससेवेबद्दल, माझ्या ओळखीतल्या प्रत्येकाचं मत आहे. ती तोट्यात का आहे, तिला कुणी बुडवली, काय केलं असतं म्हणजे सुधारली असती, हे सगळं त्यांना पाठ आहे. फक्त ती कुठून सुटते हे माहीत नाही. "पंधरा वर्षांपूर्वी कॉलेजला असताना पासवर गेलो होतो, तेवढीच भेट," असं सांगतात. तेव्हा बसची माहिती हवी असेल तर शहरातल्या माणसाला विचारून त्याची पंचाईत करू नका. कागलहून, कळंब्याहून, वडणग्याहून भाजी-दूध घेऊन येणाऱ्या मावशींना विचारा. त्यांना नंबर, वेळ, ड्रायव्हर आणि ड्रायव्हरच्या पोरीचं लग्न कुठं ठरलं हेही ठाऊक असतं.

बसमध्ये चढताना पाचशेची नोट काढायला विसरू नका. तेवढीच तुमची वट कळते. मास्तर, म्हणजे कंडक्टर, काही बोलणार नाही, फक्त तुमच्याकडं बघेल, आणि मग सगळी बस तुमच्याकडं बघेल. शेवटी मागच्या सीटवरची म्हातारी कनवटीचे सुट्टे काढून देईल आणि म्हणेल, "ऱ्हाऊ दे लेकरा, मी बी हितंच उतरतो." बाईच्या तोंडचं हे 'उतरतो' ऐकून चमकू नका; कोल्हापुरात बायका 'मी येतो, मी जातो' असंच म्हणतात. हे तुम्हाला कारमध्ये काचा वर करून कळलं नसतं. पण कळून तरी करायचंय काय? ते पैसे परत द्यायला ती म्हातारी पुन्हा भेटणार नाही, आणि ती रुखरुख घेऊन तुम्ही पुढचे चार दिवस त्याच वेळेची बस धरत बसाल. सवय अशीच लागते. सावध राहा.

बसच्या खिडकीतून ओळखीचं कुणी दिसलं तर मोबाइलमध्ये तोंड घाला. मी एकदा बेसावध होतो. सिग्नलला शेजारी माझा साडू, गाडीवर. त्यानं वर बघितलं, मी खाली बघितलं. रात्री बायकोला तिच्या बहिणीचा फोन : "भाऊजींचं सगळं ठीक हाय न्हवं? पैशाची अडचण असली तर सांगा हं." मी दोन दिवस खुलासे देत होतो. तिसऱ्या दिवशी दुसरी गाडी घ्यायचा विषय घरात निघाला.

एवढं सगळं सांगूनही तुम्ही चालणारच असाल, तर निदान संध्याकाळी गंगावेशीच्या दूधकट्ट्याला या. म्हशी असतात, तिथल्या तिथं धार काढतात, पेल्यावर फेस येतो, लोक उभ्यानं पितात. परवा मी पेला रिकामा करत होतो तर एक म्हैस रस्त्याच्या मधोमध निघाली होती. शिंगं रंगवलेली, चाल अशी की मागं चार गाड्या, दोन रिक्षा आणि एक बस मुकाट्यानं येत होती. हॉर्न नाही, शिवी नाही. मला बरं वाटलं. मीही तिच्या मागोमाग, रस्त्याच्या मधून, तिच्याच चालीनं निघालो.

दहा पावलंही झाली नसतील.

"ओ सर! म्हशीमागं कुठं? गाडी बिघडली काय? बसा की!"