चतुर्थीच्या तोंडावर आणलेला अविश्वास ठराव

आज सकाळी फेसबुकने मेमरी दाखवली, २२ जून २०२२ ची, एकनाथ शिंदे शिवसेनेचे आमदार फोडून आधी सुरतला, मग गुवाहाटीला घेऊन गेले तेव्हाची. पोस्ट माझीच. "दोन दिवसांत सगळे परत येतात की नाही बघा, आमच्या कोकणातल्या आमदारांना तिकडे बांगडा कोण भाजून घालणार." खाली हसणाऱ्या इमोजींची रांग आणि एका मित्राची कमेंट, "लिहून ठेवतो". त्याने खरंच लिहून ठेवलंय, दर जूनला स्क्रीनशॉट पाठवतो, यंदाही आला.

माझा अंदाज चुकला हे ठीक आहे, पण मी चुकायला नको होतो, कारण आयुष्यात एकदा मी स्वतः बंड करून बसलोय. लहान होतं, ग्रामपंचायतीतलं, पण गणित तेच.

जून म्हणजे आमच्या मालवणच्या पट्ट्यात टीव्ही बघायचा महिना. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढून ताडपत्रीखाली, माणसं जाळी दुरुस्त करत पडवीत बसलेली. त्या वर्षी बाहेर धो धो पाऊस आणि घराघरात सुरत, मग गुवाहाटी. माझं झेरॉक्सचं दुकान तहसीलदार कचेरीच्या जवळ, तिथे दाखले काढायला आलेली माणसं काम झालं तरी हलत नव्हती, "जरा बघतो कितीवर गेले" म्हणून. आकडा ३७ चा होता. शिवसेनेचे तेव्हा आमदार ५५, त्यांचे दोन तृतीयांश ३७, हे गणित त्या आठवड्यात आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही पाठ झालं होतं.

आता आमची गोष्ट. तेव्हा सरपंच थेट निवडून यायचा नाही, सदस्यांतूनच निवडायचे. नऊ सदस्य, सरपंचावरचा अविश्वास ठराव मंजूर व्हायला दोन तृतीयांश म्हणजे सहा. आम्ही बरोब्बर सहा होतो. कारण काय तर नळपाणी योजनेची पाइपलाइन कुठल्या वाडीतून न्यायची, त्यात जाऊ दे, आज ते सांगितलं तर अजूनही दोन घरं माझ्याशी बोलायची बंद होतील. कायदा असा, की नोटीस तहसीलदाराला दिली की सात दिवसांत त्यांनी विशेष सभा लावायची. हे सात दिवसच सगळा खेळ करतात हे आम्हाला कळलंच नव्हतं. आम्ही आपले खूश, की सरपंच कामासाठी मुंबईला गेलेत, तेवढ्यात नोटीस टाकू, माणूस गावातच नाही तर करणार काय.

गुरुवारी नोटीस टाकली आणि जीप भरून फोंडाघाटातून कोल्हापूर गाठलं. अंबाबाईच्या देवळाजवळ लॉज, एका खोलीत तिघे, दोन्ही वेळ तांबडा-पांढरा रस्सा. पहिले दोन दिवस मजा आली, राजे झाल्यासारखं वाटतं माणसाला. सभा लागली बुधवारी. आणि मंगळवारी होती गणेश चतुर्थी.

आता मला सांगा, चतुर्थीला घराबाहेर राहणारा कोकणी माणूस कोणी बघितलाय का? मुंबईचा चाकरमानी डब्याच्या दारात लटकून येतो आणि आम्ही तर नुसतं घाटावर होतो. रविवारपासूनच कुजबुज सुरू झाली. एकाची माटी, म्हणजे गणपतीवरची फळापानांची चौकट, बांधायची होती, एकाचा गणपती चित्रशाळेत रंगून तयार, आणायला घरात दुसरा पुरुष माणूस नाही. आमच्यातले सगळ्यात ज्येष्ठ, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, ते सरळ उठले आणि म्हणाले, "माका गणपती हाडूचो आसा, तुमी बसा राजकारण करीत." सोमवारी रात्री आम्ही सगळे गावात, आपापल्या घरात, म्हणजे आपापल्या घरात एकटे. बंड करणारा माणूस घरात एकटा पडला की अर्धा संपलाच.

चतुर्थीच्या संध्याकाळी सरपंच आरतीला घरोघरी फिरले. माझ्याकडेही आले. टाळ हातात, सगळ्या आरत्या तोंडपाठ, मंत्रपुष्पांजली खणखणीत. नोटिशीबद्दल एक शब्द नाही. आबांकडे मात्र आरती झाल्यावर भजनाला बसले ते रात्री उशिरापर्यंत. काळ्या वाटाण्याची उसळ, करंजी, दोन वेळा चहा. जाताना आबांच्या पाया पडले म्हणे. बस्स, एवढंच. पैसे नाहीत, धमकी नाही. बुधवारी आबांचा दीड दिवसाचा गणपती विसर्जनाला निघाला आणि आबा सभेला आलेच नाहीत. ठरावाच्या बाजूने पाच हात. लागत होते सहा.

म्हणून मी म्हणतो की बंडात आकडा महत्त्वाचा असतो हे अर्धंच खरं. गुपित फुटल्यापासून प्रत्यक्ष मत पडेपर्यंत मध्ये किती वेळ आहे आणि त्या वेळात माणसं कोणाच्या हाताला लागतात, खरा सामना तिथे असतो.

याचा पुरावा त्याच जूनमध्ये दुसरीकडेही घडत होता. आपल्याकडे सुरतला बस निघायच्या दोन आठवडे आधी, ६ जून २०२२ ला, ब्रिटनमध्ये बोरिस जॉन्सनवर त्यांच्याच पक्षाने अविश्वासाचं मतदान घेतलं. तिकडची पद्धत भारी आहे. तेव्हाचा नियम असा, की हुजूर पक्षाच्या १५ टक्के खासदारांनी पक्षातल्या एका समितीच्या अध्यक्षाला पत्रं द्यायची, म्हणजे ५४ लागत होती. कोणी दिली, किती झाली, हे त्या एकट्या माणसाला माहीत. २ ते ५ जून राणीच्या ७० वर्षांच्या राज्याचा सोहळा होता, मिरवणुका, बँड, सगळं. तो संपला रविवारी आणि सोमवारी सकाळी जाहीर झालं की पत्रं पुरी झालीत, आज संध्याकाळी मतदान. बघा, त्यांना कळत होतं की सणात बंड करायचं नसतं. आम्हाला गणपती डोक्यावर घेऊन फिरणाऱ्यांना कळलं नाही.

पण एक उलटी गोष्ट आहे आणि मला ती जास्त विचार करण्यासारखी वाटते. तिकडे सकाळी जाहीर, संध्याकाळी मत, यात फायदा नेत्याचा. कारण मत गुप्त असतं, बंडखोराला एकेकाला गाठून पटवायला वेळ पाहिजे, तोच मिळत नाही. जॉन्सन २११ विरुद्ध १४८ ने जिंकले. थेरेसा मे यांचंही डिसेंबर २०१८ मध्ये तसंच, सकाळी घोषणा, संध्याकाळी मतदान, २०० विरुद्ध ११७. आपल्याकडे मात्र जितके जास्त दिवस मध्ये, तितका फायदा नेत्याचा, कारण आपल्याकडे हात उघड वर करायचा असतो आणि उघड हात खाली आणायला एक आरती पुरते. म्हणून आपला बंडखोर माणसं घेऊन लांब जातो. हॉटेल, विमान, झाडी-डोंगर याला सगळे हसले, मीही हसलो, पण दुसरा मार्ग काय होता सांगा. सेनेचे आमदार कैलास पाटील सुरतच्या वाटेवरून निसटून, पायी, मग मोटारसायकल, मग ट्रक असं करत मुंबईला परत आले, म्हणजे बायरोड अंतरात माणूस परत येऊ शकतो. गुवाहाटीहून चालत कोण येणार? आम्ही कोल्हापूर निवडलं तिथेच चुकलो, चार तासांवर घर.

तिकडे जिंकूनही टिकता येत नाही ही आणखी गंमत. जॉन्सन जिंकले आणि ७ जुलैला, महिन्याभरात, मंत्र्यांचे राजीनामे धडाधड पडून त्यांनाही राजीनामा जाहीर करावा लागला. मे बाईंनी पाच महिन्यांनी जाण्याची घोषणा केली. थॅचर बाई तर नोव्हेंबर १९९० मध्ये २०४ विरुद्ध १५२ ने पुढे होत्या, नियमाप्रमाणे लागणाऱ्या आघाडीला फक्त चार मतं कमी पडली, आणि मतदानाच्या दिवशी त्या होत्या पॅरिसला, परिषदेला. दोन दिवसांत त्यांनी राजीनामा जाहीर केला. ज्याने आव्हान दिलं त्या हेझल्टाइनला पण खुर्ची मिळाली नाही, ती जॉन मेजरना मिळाली. ऑस्ट्रेलियात पॉल कीटिंग जून १९९१ मध्ये बॉब हॉक यांच्याविरुद्ध ४४-६६ ने हरले, मुकाट मागच्या बाकावर जाऊन बसले आणि डिसेंबरात ५६-५१ ने जिंकून पंतप्रधान झाले. म्हणजे तिकडे हरलेल्याला दुसरी संधी असते. पक्षातच राहून.

आपल्याकडे? पक्षांतरबंदी कायदा १९८५ चा. आधी एक तृतीयांश फुटले तर चालायचं, २००३ च्या दुरुस्तीने ती सोय काढली, आता दोन तृतीयांश आणि तेही दुसऱ्या पक्षात विलीन व्हायचं असेल तर. हेतू चांगला होता, घाऊक खरेदी थांबवायची. झालं काय, तर किरकोळ बंद झाली आणि घाऊकच उरली! पाच-दहा आमदारांना नेता पटत नसेल तर त्यांनी करायचं काय? बोलले तर हकालपट्टी, विरोधात मत दिलं तर आमदारकी जाणार. मग गप्प बसतात, आणि गप्प बसून ३७ ची वाट बघतात. आम्हाला १९७८ चे शरद पवार आठवतात, वसंतदादांचं सरकार अधिवेशन चालू असताना पाडून ३८ व्या वर्षी मुख्यमंत्री झाले, तेव्हा हा कायदाच नव्हता. आज तसं एका दुपारी बाहेर पडता येणार नाही, आज वकील आधी लागतो.

आणि वकिलांनी २०२२ मध्ये खरंच वेळ मिळवून दिला. नाना पटोल्यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये विधानसभेचं अध्यक्षपद सोडलं ते सत्तेतल्या महाविकास आघाडीने दीड वर्ष रिकामंच ठेवलं. घराचं दार उघडं टाकून झोपल्यासारखं. उपाध्यक्षांनी १६ आमदारांना अपात्रतेची नोटीस काढली, उत्तराला दोन दिवस. बंडखोर सुप्रीम कोर्टात गेले, २७ जूनला कोर्टाने मुदत वाढवून दिली १२ जुलैपर्यंत. १२ जुलै यायच्या आत सरकार पडलं, नवं आलं, ४ जुलैला १६४ मतांनी विश्वासही जिंकलं. दिवस कोणाच्या खिशात आहेत तेच बघायचं असतं.

दिवसही कसा निवडला बघा. १० जूनला राज्यसभेला सेनेचा दुसरा उमेदवार पडला. २० जूनला विधान परिषद, ते मतदान गुप्त. भाजपचा पाचवा उमेदवार निघाला, म्हणजे आघाडीची मतं आतून झिरपतायत हे सगळ्यांना आकड्यांत दिसलं. त्याच रात्री गाड्या सुरतेकडे. आधी थर्मामीटर लावला, मग ऑपरेशन.

आणि उद्धवजी. माझं मत काहींना आवडणार नाही पण मला वाटतं सगळ्यात महागडी वेळ त्यांनी चुकवली. २९ जूनच्या रात्री फेसबुक लाइव्हवर राजीनामा. माणूस म्हणून मला ते भिडलं होतं, खोटं का बोलू. पण मे २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं योग्य नव्हतं, पण तुम्ही चाचणीला सामोरे न जाता स्वतःहून राजीनामा दिलात, म्हणून तुमचं सरकार परत आणता येत नाही. एक रात्र थांबून, हरून गेले असते तर? आमचा सरपंच तरी शेवटपर्यंत खुर्ची धरून बसला होता.

आमच्या किनाऱ्याने यात सगळे नमुने बघितले. केसरकर बंडखोरांचे प्रवक्ते. उदय सामंत २६ जूनला पोचले, उशिरा आले तरी जागा मिळाली, याला टायमिंग म्हणतात हे विरोधकही मान्य करतात. आमचे वैभव नाईक उद्धवजींकडेच थांबले आणि २०२४ ला पडले. राजन साळवी थांबले, पडले आणि मग २०२५ मध्ये शिंद्यांकडे गेले, म्हणजे दोन्हीकडचा तोटा. भास्कर जाधव थांबले आणि निवडूनही आले, तेव्हा सरळ नियम कोणी काढायला जाऊ नये. राणेसाहेबांचं डिसेंबर २००८ आठवा, २६/११ नंतर विलासराव मुख्यमंत्रिपदावरून गेले, अशोक चव्हाणांचं नाव ठरलं आणि मग साहेब भडकले. राग खरा होता पण नाव ठरल्यावरचा राग म्हणजे ओहोटी लागल्यावर होडी ढकलणं. निलंबन झालं, दोन-अडीच महिन्यांत परतही आले.

मला विचाराल तर विधिमंडळ पक्षाच्या आत गुप्त मतदानाची सोय पाहिजे. ठरावीक आमदारांनी चिठ्ठी दिली की महिन्याभरात मतदान, हरला तरी आमदारकी शाबूत. कुठलाच पक्ष हे करणार नाही, तेही माहीत आहे, कारण आपल्याकडे बहुतेक पक्षांत नेता निवडायला आमदार बसत नाहीत, पाकीट वरून येतं.

असो. आमच्या बंडातलं एक कोडं मला कैक वर्षं सुटत नव्हतं. सरपंच मुंबईत होते, नोटीस गुपचूप टाकली, तरी ते त्याच रात्रीच्या गाडीने निघाले आणि शुक्रवारी सकाळी गावात हजर. फोडलं कोणी? आम्ही सहाही जण एकमेकांवर संशय घेत राहिलो, दोघांची बोलाचाल अजून नीट नाही. गेल्या पावसात सरपंच, आता माजी, दुकानात आधारकार्डची झेरॉक्स काढायला आले. सहज विचारलं. हसले आणि म्हणाले, "अरे, नोटिशीची झेरॉक्स काढलंस आणि मूळ कागद मशीनच्या काचेवरच इसारलंस. माझो पुतण्यो रेशनकार्ड घेवन इलो, त्यान झाकण उघडल्यान."

त्या दिवशी मी झेरॉक्सचे पैसे घेतले नाहीत.