काकांनी कॉम्प्युटर दुरुस्त केला

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रविवारी सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी मेसेज पडला. 'काल तिसऱ्या मजल्यावरचा बंद पडलेला कॉम्प्युटर चालू करून दिला. शेवटी अनुभवच कामी येतो.' खाली जोडलेले हात. संध्याकाळपर्यंत चौदा अंगठे.

तिसऱ्या मजल्यावर मी राहतो. कॉम्प्युटर माझा. आणि तो बंद पडलेला नव्हता.

मी फायनाइट एलिमेंटचं काम करतो. लोखंडी वस्तू प्रत्यक्षात बनण्याआधी कॉम्प्युटरवर तिचे हजारो तुकडे पाडायचे, तुकडे जिथे जुळतात त्या नोडांची समीकरणं मांडायची आणि वस्तू कुठे वाकेल, कुठे तुटेल ते आधीच सांगायचं. आमच्या घरी याला 'रंगीत चित्रं काढतो' असं म्हणतात. तर, तीनचाकी टेम्पोच्या बॅटरीखालचा ट्रे होता, सोमवारी द्यायचा होता, शुक्रवारी रात्री रन लावून, म्हणजे गणित चालू करून झोपलो. सकाळी बघतो तर चार टक्के लोड लागल्यावर सॉल्व्हरसाहेबांनी, म्हणजे ही समीकरणं सोडवणाऱ्या प्रोग्रॅमने, मान टाकलेली.

अशा वेळी करायचं काय, हे आम्हा मंडळींना पाठ असतं. तरी दर वेळी आधी अर्धा तास आम्ही नको तेच करतो, म्हणजे काहीही न बदलता पुन्हा रन लावून बघतो. तेही झालं. मग शहाण्यासारखा मॉडेल सोपं करायला बसलो. कॉन्टॅक्ट, म्हणजे भाग एकमेकांना टेकतात त्याचं गणित, काढलं, बॅटरी काढून तिचं चाळीस किलो वजन नुसतं एका बिंदूवर टांगलं, सगळं सरळसोट लिनिअर केलं, म्हणजे जेवढा जोर त्या प्रमाणातच वाकणं. या वेळी सॉल्व्हरने कुरकुरत का होईना, उत्तर दिलं. ट्रे ४.२ अब्ज मिलिमीटर सरकला आहे. म्हणजे ४,२०० किलोमीटर. चाकणहून निघालेला ट्रे जवळजवळ कैरोला पोचला होता.

नेमक्या याच क्षणी काका आले.

काका आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. पिंपरीच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं काढून फोरमन म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या पेपरातली शनिवारची पुरवणी पेपरवाल्याने टाकली नव्हती, ती आमच्याकडे आहे का, एवढंच विचारायला आले होते. पुरवणी मिळाली. ती काखेत मारून ते माझ्या मागच्या दिवाणावर बसले आणि दीड तास हलले नाहीत.

"काय बिघडलंय?"

"बिघडलं नाही काका. कुठलातरी भाग कशालाच धरलेला नाहीये. तो शोधतोय."

"बोल्ट आवळले का?"

"बोल्ट नसतात यात. बोल्टाच्या जागी स्पायडर असतो."

काकांनी माझ्याकडे, मग स्क्रीनकडे, मग भिंतीच्या कोपऱ्याकडे बघितलं. "बायकोला सांगितलंस का? पेस्ट कंट्रोलवाला परवाच येऊन गेला ना?"

भोकाच्या कडेवरच्या सगळ्या नोडांना मधल्या एका नोडाशी ताठ काड्यांनी बांधतात, ते कोळ्यासारखं दिसतं म्हणून स्पायडर, असं मी सांगितलं. "म्हणजे बोल्ट नाही," काका म्हणाले. "बोल्टाचं सोंग आहे." हे इतकं बरोबर होतं की मला राग आला.

मी वजन तपासायला घेतलं. ही सवय मला एका जुन्या फजितीने लागली. आमच्याकडे मिलिमीटर, टन, सेकंद अशी मापं चालतात, त्यात पोलादाची घनता ७.८५ भागिले एक अब्ज अशी घालावी लागते. नवीन असताना मी पुस्तकातला ७८५० थेट टाकला होता. बारा किलोच्या ब्रॅकेटचं वजन भरलं बारा लाख कोटी किलो. अर्थसंकल्पात शोभावा असा आकडा! आणि सॉल्व्हरने एका शब्दाने विचारलं नाही की बाबा रे, हे टेम्पोवर चढवणार कसं? त्याला दिलेलं गणित तो करतो. दिलेलं खरं की खोटं, हा त्याचा प्रश्नच नाही. असो. या वेळी ट्रे बारा किलोच भरला.

"आमच्या वेळी हातोडी मारायचो," काका म्हणाले. "टण्ण वाजलं की माल चांगला. भद्द वाजलं की वेल्ड सुटलंय. दोन सेकंदांत निकाल."

आता, हे मी त्यांना सांगितलं नाही, पण आम्हीही तेच करतो. त्याला मोडल अ‍ॅनालिसिस म्हणतात. वस्तूचे सगळे आधार काढून ती हवेत मोकळी सोडायची आणि ती कुठल्या फ्रिक्वेन्सीला थरथरते ते बघायचं. मोकळ्या वस्तूला सहा मोड, म्हणजे हलायच्या तऱ्हा, शून्य फ्रिक्वेन्सीचे मिळतात, तीन दिशांना सरकायचे आणि तीन अक्षांभोवती फिरायचे. सहाच. सातवा निघाला तर मॉडेलमध्ये काहीतरी सैल आहे. मी रन लावला. तेवढ्यात काकांची नजर दुसऱ्या खिडकीत उघड्या पडलेल्या जुन्या डिझाइनच्या चित्रावर गेली.

"अरे, हे केवढं वाकलंय! पापड झालाय."

"०.३ मिलिमीटरच वाकलंय काका. दिसावं म्हणून दोनशे पट मोठं करून दाखवतात."

"कशाला? आधीच संकटं कमी आहेत?"

"..."

"आणि हे लाल? लाल म्हणजे गेलं ना?"

"नाही हो. तिथे ताण ९० मेगापास्कल आहे. हे पोलाद २५० पर्यंत टिकतं."

"मग लाल का?"

"अख्ख्या ट्रेमध्ये सगळ्यात जास्त ताण जिथे असेल ती जागा लालच दिसते. किती का असेना."

काकांनी बराच विचार केला. "म्हणजे अख्खा वर्ग पास झाला तरी एकाला उभं करून छडी मारायचीच."

हसू नका. आमच्या एका गिऱ्हाईकाने मला अधिकृतपणे कळवलं होतं की रिपोर्टमधलं लाल काढा, वरचे लोक घाबरतात. डिझाइन बदला म्हणाला नाही, लाल काढा म्हणाला. मी रंगांच्या पट्टीवरचा वरचा आकडा वाढवला, लालाचं हिरवं झालं, 'आता छान इम्प्रूव्ह झालंय' अशी शाबासकी आली. त्याआधी याच गृहस्थाने एका आतल्या काटकोनी कोपऱ्यावरचा 'अचूक' ताण मागितला होता. तिथे गोलाई दिलेलीच नव्हती. अशा कोपऱ्यात मेश, म्हणजे तुकड्यांची जाळी, बारीक करावी तसा आकडा चढतच जातो, कुठेही थांबत नाही, कारण मुळात तिथे थांबायला काही नसतंच. मी हे तीन वेळा लिहून कळवलं. तीन वेळा उत्तर आलं, 'कृपया मेश अजून बारीक करावी.'

तर, मोडलचा रन संपला. शून्याचे मोड मोजले. सहा, सात, आठ... बारा! सहाचे दोन जुडगे. म्हणजे मी ज्याला एक ट्रे समजत होतो त्या दोन वेगळ्या वस्तू होत्या. सातवा मोड हलवून बघितला, तर ट्रेच्या तळाची आडवी रिब, म्हणजे आधाराची पट्टी, शांतपणे उठली आणि बाहेर चालू लागली, जेवण झाल्यावर कुणाला न सांगता कार्यालयातून निघणाऱ्या पाहुण्यासारखी.

"गेली," काका म्हणाले.

मोकळ्या कडा दाखवायचं बटण दाबलं आणि सगळं उघडं पडलं. रिब आणि तळ यांचे नोड समोरासमोर होते, पण एक झालेले नव्हते. मी ०.०१ मिलिमीटरच्या आतले नोड जोडायला सांगितले होते आणि मध्ये फट होती ०.०२ ची. केसाच्या जाडीहून कमी. वरून बघावं तर एक घर, आत चुली वेगळ्या. आमच्या गावच्या वाड्यात हे मी लहानपणापासून बघत आलो आहे, तरी ट्रेमध्ये ओळखायला मला सकाळचे चार तास लागले.

नोड जोडायची मर्यादा ०.०५ केली. नोड जुळले. पुन्हा मोजले, सहाच. गुरुत्वाकर्षण लावून चार बोल्टांवरच्या रिअ‍ॅक्शन जोडल्या, म्हणजे बोल्टांवर येणाऱ्या भाराची बेरीज केली; ट्रे आणि बॅटरी मिळून बावन्न किलोला ५१० न्यूटन यायला हवेत, ५१० आले. बॅटरी परत आणली, कॉन्टॅक्ट परत आणले, मूळ रन लावला आणि श्वास रोखून बसलो.

त्याच क्षणी काका उठले. "मगासपासून बघतोय," ते म्हणाले, "हा पंखा सगळी गरम हवा त्या मशीनच्या तोंडावर मारतोय. तापल्यावर कसं चालेल ते?" आणि त्यांनी पंखा बंद केला. मे महिना. बायको चहा घेऊन आत आली. घामाच्या धारा पुसत आम्ही तिघं बघत राहिलो आणि रन पाच टक्क्यांच्या पुढे गेला. दहा. चाळीस. शंभर.

"बघ!" काका म्हणाले.

"काका, कमाल आहे," बायको म्हणाली. "हा सकाळपासून नुसता टाइप करत बसलाय."

मी तोंड उघडलं होतं. नॉर्वेतल्या स्लाइपनेर-ए ची गोष्ट सांगणार होतो. समुद्रातल्या प्लॅटफॉर्मचा तो प्रचंड काँक्रीटचा पाया २३ ऑगस्ट १९९१ ला चाचणीत बुडाला. विश्लेषणात मेश ढोबळ पडली होती आणि एका भिंतीतला शिअरचा, म्हणजे कातरणारा, ताण जवळजवळ ४७ टक्के कमी धरला गेला होता. नंतर नीट गणित केलं तेव्हा ती भिंत ६२ मीटर खोलीला फुटेल असं निघालं, प्रत्यक्षात ६५ ला फुटली होती. म्हणजे गणित करता येत होतं. कुणीतरी बसून चूक शोधायला हवी होती. पण चूक शोधण्याला ऑफिसच्या टाइमशीटमध्ये रकानाच नाही. मेशिंगला आहे, रनला आहे, रिपोर्टला आहे, 'क्लायंट कॉल' नावाच्या छळालासुद्धा आहे. माझे चार तास मी मेशिंगमध्ये घातले, त्यावर मॅनेजरचा शेरा आला, 'मेशिंगला इतका वेळ का?' जे मोडलं नाही त्याचा फोटो निघत नाही, आणि ज्याचा फोटो निघत नाही त्याचं बिल...

तेवढ्यात काका म्हणाले, "चहात आलं छान आहे."

मी तोंड मिटलं.

काल बी विंगमधून एक आजी आल्या होत्या. त्यांच्या नातवाचा लॅपटॉप हळू चालतो. मी दार उघडलं, तर म्हणाल्या, "तुम्ही नको, ते समोरचे काका आहेत का?" काकांनी जाऊन त्यांच्याकडचाही पंखा बंद केला म्हणे.

त्या चौदा अंगठ्यांतला एक आमच्या घरातून गेलाय. मी दिलेला नाही.