अस्तराला जोड दिला म्हणून वाकळ फाटत नाही

वाकळी, म्हणजे जुन्या कापडांच्या गोधड्या, शिवणाऱ्या बायकांमध्ये सध्या एक संदेश फिरतोय. मला तो तीनदा आला, त्यातला एकदा बेळगावकडच्या खानापूरच्या माझ्या मावसबहिणीकडून. मजकूर थोडक्यात असा: "वाकळीचं अस्तर नेहमी एकाच सलग कापडाचं घ्यावं. जोडाचं अस्तर पहिल्या धुण्यातच फाटतं. जोड अंगाला टोचतो. आपल्या आज्या कधी जोड देत नव्हत्या. कापड कमी पडलं तर नवं आणा, नाहीतर वाकळ लहान करा."

हे वाचून आमच्या गल्लीतली एक मुलगी आईची मऊ सुती साडी कपाटात ठेवून नवं कापड विकत घेऊन आली. साडी रुंदीला 9 इंच कमी पडत होती, एवढंच कारण. म्हणून हे लिहायला बसले.

आज्यांपासून सुरू करते, कारण त्यांच्या नावावर खोटं खपवलेलं मला सहन होत नाही. लुगड्याचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, 45 इंचांच्या आसपास. दोघांनी पांघरायची वाकळ 5 फूट तरी रुंद हवी, म्हणजे 60 इंच. मग सलग कापड आजीने आणायचं कुठून? माझ्या आजीची वाकळ मी स्वतः उसवलीय. अस्तरात एकाच लुगड्याचे दोन फाळके काठाला काठ लावून जोडले होते, आणि पायाकडे भलत्याच कापडाचा वीतभर तुकडा. मावशीला विचारलं तर म्हणाली, "जोडल्याशिवाय वाकळ हुतीय काय गं?"

आणि ज्या लुगड्याला आपण सलग म्हणतो, ते तरी कुठे सलग असतं? आपल्या भागात पिढ्यान्‌पिढ्या नेसली जाणारी इरकल बघा. तिच्या पदराचा ताणा (लांबीचे उभे धागे) वेगळा असतो आणि तो अंगाच्या ताण्याला एकेक फासा घालून जोडतात. इरकलचे विणकर त्याला टोपे तेनी म्हणतात. विणण्याआधीच जोड घेतलेलं हे कापड बायका वर्षानुवर्षं नेसतात, धुतात, पिळतात.

आता फाटण्याचं. यात थोडं खरं आहे आणि ते थोडंच महत्त्वाचं आहे. घटस्थापनेच्या आधी घरातल्या सगळ्या वाकळी मलप्रभेवर नेऊन धुतल्यात, त्यामुळे भिजलेली वाकळ किती जड होते ते मला माहीत आहे. पण फाटते कुठे? कडेला, जिथे धरून ओढतो. रोजच्या घडीवर. आणि जोडाच्या शेजारी, पण शिवणीवर नव्हे. झिजलेल्या साडीला नवं जाड कापड जोडलं, की ओढ बसल्यावर नवं तसंच राहतं आणि जुनं शिवणीला लागून फाटतं. लोक बोट जोडाकडे दाखवतात. दोष न जुळणाऱ्या कापडांचा असतो. अस्तरावरून धावदोऱ्याच्या ओळी जवळजवळ गेलेल्या असतात, सगळा भार त्या वाटून घेतात. एकट्या शिवणीवर तो येतच नाही.

म्हणून जुन्याला जुनं जोडा, सुतीला सुती. नवं घालावंच लागलं तर आधी दोनदा पाण्यातून काढा, नाहीतर ते नंतर आटतं आणि अस्तराला चुण्या पडतात. टेरिलीनची साडी सुतीला जोडू नका, ती आटत नाही आणि शिवताना घसरते. नऊवारीत बसून बसून विरलेला भाग उजेडासमोर धरला की लगेच दिसतो. तो कापून टाका. पदराकडचं आणि आतल्या निऱ्यांचं कापड बहुतेक धड असतं.

टोचण्याबद्दल फार लिहीत नाही. शिवणीची दुमड आतल्या थराकडे जाते, अंगाकडे येतच नाही. दोन्ही बाजूंना उघडून नखाने दाबली की सुईही अडत नाही. नव्या कापडाचा कडक काठ मात्र जोडात घेऊ नका. धुऊन मऊ पडलेल्या लुगड्याचा काठ चालतो, आणि तो उसवत नाही हा त्याचा फायदाच.

राहिलं "वाकळ लहान करा". का करायची? 60 इंचांसाठी 45 इंची फाळका मधोमध ठेवा आणि दोन्ही अंगांना साडेआठ इंचांच्या पट्ट्या लावा. दोन शिवणींत एकेक इंच जाऊन बरोबर 60 उरतात. पट्ट्या तुकड्यांच्या असल्या तरी चालतं. एकच जोड मधोमध देऊ नका, कारण रोज सकाळी वाकळीची घडी नेमकी तिथेच पडते आणि शिवण घासत राहते.

रुंदी थोडीच कमी आणि लांबी जास्त असेल, तर याहून सुंदर उपाय आहे. 44 इंच पन्ह्याचं 100 इंच लांब कापड कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकं कापायचं. दोन्ही त्रिकोण त्या तिरक्या रेषेवरच सरकवायचे, रुंदी 50 होईपर्यंत. लांबी 86 इंच उरते, शिवणीत इंचभर जातं, आणि बाहेर आलेली दोन टोकं कापली की झालं. तिरकं कापलेलं कापड ताणतं, म्हणून कापल्याबरोबर दोन्ही कडांना हलका धावदोरा घाला. मी पहिल्यांदा घातला नाही आणि सगळं अस्तर एका बाजूला ओघळलं.

वरचा थर आधी पूर्ण करून मग अस्तर शोधायचं, या सवयीनेच निम्मी अडचण होते. खानापूर, हल्याळ, यल्लापूरकडच्या सिद्दी, म्हणजे आफ्रिकी मुळाच्या समाजातल्या, बायका त्यांच्या वाकळीला कवंदी म्हणतात आणि उलट करतात. खाली साडी पसरायची, कोपऱ्यातून चिंध्या लावायला सुरुवात करायची आणि कडेकडेने शिवत मध्याकडे यायचं. अस्तर जेवढं, तेवढीच कवंदी. कोपऱ्यांना रंगीत घड्यांची फुलं असतात, आणि ती नसतील तर कवंदी उघडी वाटते म्हणतात.

सलग अस्तराचा हट्ट मी फक्त बाळाच्या दुपट्याला मानते. ते एका पन्ह्यात सहज बसतं, आणि आजीच्या लुगड्याचा एक मऊ फाळका त्याला पुरून उरतो. त्या मुलीची साडी अजून कपाटातच आहे. साडेपाच इंचांच्या दोन पट्ट्या मी तिला माझ्या गाठोड्यातून काढून दिल्यात.