काळ्या ग्रॅनाइटच्या ओट्याने जीव नकोसा केलाय

वैताग आलाय ह्या ओट्याचा. दिवसभर पुसायचं आणि संध्याकाळी ट्यूबलाइट लावली की परत तेच, फडकं जसं फिरलं तसे अर्धगोल फराटे, सिंकच्या कडेला पांढरे थेंब, पातेलं ठेवलं तिथे बुडाची गोल रिंग. घाण नाहीये हो, मी पुसलंय, नीट पुसलंय, तरी दिसतो घाणेरडाच. आणि घरी कोणी आलं की नजर आधी ओट्यावर जाते, मग माझ्याकडे.

फ्लॅट घेताना बिल्डरचा माणूस म्हणाला होता, मॅडम ग्रॅनाइट आहे, मेन्टेनन्स झिरो. दगड कडक आहे, विळीने सुरीने सहज चरे पडत नाहीत, एवढंच खरं आहे त्यात. पण काळा आणि वरून आरशासारखा पॉलिश केलेला म्हटल्यावर त्यावर फोडणीच्या तेलाचा नुसता पातळ थर बसला तरी उजेड फाकतो आणि दिसतो. तोच ग्रॅनाइट करडा ठिपक्यांचा किंवा लेदर फिनिशचा, म्हणजे चकाकी नसलेला जरा खरखरीत, दिला असता तर ह्यातलं निम्मं डोळ्यांवर आलं नसतं. पण विचारतंय कोण, अख्ख्या बिल्डिंगला एकच माल. ओटा कसला पाहिजे हे ठरवणारे लोक आयुष्यात कधी ओटा पुसत नाहीत, हा माझा खरा राग आहे.

त्यात आमचं पाणी. पुण्यात वाघोलीला राहतो, म्हणजे टँकर नाहीतर बोअर. खडकवासल्याचं पाणी ज्यांच्या नळाला येतं त्या पेठांमधल्या लोकांनी प्लीज मला सल्ले देऊ नका, तुमचं पाणी वेगळं आमचं वेगळं. बोअरचं पाणी खडकातून येताना कॅल्शियम मॅग्नेशियम घेऊन येतं, पाणी उडून जातं आणि क्षार तिथेच बसतात, म्हणजे मी ज्या पाण्याने पुसतेय तेच पाणी डाग पाडतंय. नळाच्या बुडाशी तर असा थर जमलाय की नखाने खरवडलं की पांढऱ्या खपल्या निघतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात हार्डनेस, म्हणजे पाण्याचा जडपणा, लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत ठीक धरलाय आणि दुसरी सोयच नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यायचा. आमचा किती आहे ते टेस्ट करा म्हटलं तर सोसायटीच्या कमिटीचं उत्तर काय, वापरायचं पाणी आहे ना, प्यायला आरओ आहे की सगळ्यांकडे. मग वापरतं कोण ते पाणी??

आणि ते आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत साठवून ओटा पुसा म्हणून सांगणारे. अहो आरओने काढून टाकलेले सगळे क्षार त्याच पाण्यात असतात! नळाच्या पाण्यापेक्षा जास्त! संडासात टाका, ओट्यावर नका आणू.

दुसरा सल्ला लिंबू नाहीतर व्हिनेगर. क्षार निघतात त्याने, मान्य, पण तेलाचे फराटे निघत नाहीत, आणि रोज आंबट चोळलं तर दगडात डाग मुरू नयेत म्हणून वर लावलेलं सीलर जातं, काही काळ्या दगडांची पॉलिशही मंद होते. ज्यांच्याकडे मार्बल किंवा जुना कडप्पा आहे त्यांनी तर लिंबाचा थेंबही सांडू देऊ नका, ते दगड चुन्याचेच, आंबट लागलं की तिथे कायमचा फिका डाग. खोबरेल तेल लावा म्हणणाऱ्यांना मी काही बोलतच नाही, तेलाचाच तर त्रास आहे. आमच्या मावशी भांड्याच्या वडीने ओटा घासायच्या, त्या वडीत भरीला पांढरी पूड असते, ती वाळली की आणखी पांढरं. त्यांचा काय दोष, हाताशी जे दिलं त्याने त्या घासणार.

माझ्याकडे चालतं ते हे: कोमट पाण्यात लिक्विड साबणाचे दोनच थेंब, जास्त टाकलं की साबणाचाच फराटा राहतो, मग नुसत्या पाण्याचं फडकं, तेही आरओच्या चांगल्या पाण्यात पिळलेलं, आणि लगेच, वाळायच्या आत, कोरड्या मायक्रोफायबरने पुसून काढायचं. हे रोज रात्री, सगळं आवरल्यावर, पाय दुखत असताना. जुनी बनियन नाही चालत, धागे सोडते आणि तेल इकडचं तिकडे करते.

आणि एवढं करून मी वळले की घरातलं कोणीतरी फिल्टरमधून पेला भरून घेणार, ओला पेला ओट्यावर ठेवणार आणि निघून जाणार. आजपासून सांगून टाकलंय घरात, नवरा असो सासूबाई असोत की मुलं, कोरडं फडकं खिडकीपाशी टांगलंय, ज्याने सांडलं त्याने तिथल्या तिथे पुसायचं. मी पुसणार नाहीये.