टाळी नेमकी कितवी?

जपानी पार्टी आपोआप संपत नाही, टाळ्या वाजवून संपवावी लागते. तोक्योत नोकरी करायची म्हणजे डिसेंबरात ऑफिसची 'बोनेन्काई', सरतं वर्ष विसरण्याची मेजवानी, चुकत नाही. बिअर, भाजलेलं चिकन, साहेबांचे विनोद, सगळं पचतं. पण शेवटी कुणी ज्येष्ठ उठून सगळ्यांचे हात उसने मागतात आणि माझ्या पोटात गोळा येतो.

हिशेब असा. 'इप्पोन-जिमे' म्हणजे तीन, तीन, तीन आणि वर एक, अशा दहा टाळ्या. हेच तीनदा केलं की 'सान्बोन-जिमे'. आणि 'इयोओ' अशी आरोळी ठोकून एकच टाळी, ती 'इच्चो-जिमे'. इथवर ठीक. पण तोक्योकडे या एकुलत्या टाळीलाही लोक सर्रास इप्पोन-जिमेच म्हणतात. मग अर्धी खोली एका टाळीत मोकळी होते आणि उरलेली दहाच्या वाटेला लागलेली असते. त्यात माझे हात आरतीत वाढलेले, एकदा सुरू झाले की 'घालीन लोटांगण'शिवाय थांबत नाहीत! म्हणून मी शेजाऱ्याच्या मनगटाकडे बघतो. तो माझ्या मनगटाकडे बघत असतो.

तीन त्रिक नऊ. जपानी नऊच्या अक्षरावर दहाव्या टाळीचा ठिपका ठेवला की 'गोल' हे अक्षर होतं, म्हणजे सगळं गुण्यागोविंदानं पार पडलं. नसेल पडलं तर? फुकुओकातल्या हाकाताकडे त्याचाही बंदोबस्त आहे: टाळ्या झाल्या की ठरलेल्यावर पुन्हा तक्रार नाही. आपल्या सोसायटीच्या सभेत हा नियम आणला, तर टाळी द्यायला हातच पुढे येणार नाहीत.

नोव्हेंबरात आसाकुसाच्या ओतोरी देवळाजवळ 'तोरी नो इची' भरते. तिथे बांबूचं सजवलेलं शुभ दंताळं घासाघीस करून घेतात, सौदा जमला की विक्रेते जोरात टाळ्या वाजवतात. आणि घासून कमी केलेले पैसे बक्षिसी म्हणून त्यालाच देण्यात शान! पुण्यात हे कुणाला सांगायची माझी हिंमत नाही.

बरं, ऑफिसच्या टाळीनंतर कोट अडकवावा, तर कळतं की ती 'नाकाजिमे' होती, मधली समाप्ती. निघायला परवानगी असते, पण साहेब बसलेले असतात. मग दुसरी पार्टी, कराओके. तिथे टाळ्या कुणी मोजत नाही आणि साहेब गात असताना थांबायचंही नसतं. तिथे मात्र माझ्या हातांना अख्ख्या खात्यात तोड नाही.