'अकरावीच्या मुलालाही कळतं' म्हणणाऱ्या सरांना

मागचा लेख होता ड्यूटेरियमवाल्या बेंझीनवर (ड्यूटेरियम म्हणजे हायड्रोजनचाच जड भाऊ). त्याखाली 'एक जुना शिक्षक' या नावाने आलेली प्रतिक्रिया अशी : "जड रेणू उशिरा उकळतो हे अकरावीच्या मुलालाही कळतं. जड पाणी १०१.४ अंशांना उकळतं. ड्यूटेरियमवालं बेंझीन मात्र साध्याच्या आधी उकळतं म्हणे! घनतेपुढे तापमान नाही. लेख पाल्हाळीक. आधी पुस्तक उघडा."

सर, घनतेपुढे तापमान राहिलं, ती माझी चूक. २५ अंश असं आता घातलंय. पाल्हाळाचं म्हणाल तर न वाचायची मुभा होतीच.

पण 'अकरावीचा मुलगा'? मुद्दा खोडायचा तर खुशाल खोडा, माणसाला बाकावर कशाला उभं करता? वर्गातही असंच बोलत असाल तर पोरं शंका विचारायची बंद झाली असतील.

आणि त्या मुलाला जे कळतं तेच इथे चुकतं. साधं बेंझीन ८०.१ अंशांना उकळतं, सहाही हायड्रोजन बदललेलं ७९.१ ला. रेणुभार ७८ वरून ८४ वर जातो, तरीही. पाण्याचा दाखला इथे चालत नाही. तिथे रेणूला रेणू बांधणाऱ्या हायड्रोजन बंधांचं राज्य, ड्यूटेरियमने ते आणखी घट्ट होतात. बेंझीनमध्ये ते नाहीतच. कार्बन-ड्यूटेरियम बंध कमी थरथरतो, सरासरी लांबीला किंचित आखूड भरतो, इलेक्ट्रॉनांचा ढग जरा कमी लवतो आणि शेजारच्या रेणूची ओढ तेवढी सैल पडते. ओढ सैल, म्हणून बाष्पदाब जास्त, म्हणून उकळी आधी. उत्कलनबिंदू म्हणजे वाण्याचा तराजू नव्हे, सर!

पुस्तकाचं म्हणाल, तर एमएस्सीला असताना मी हे ड्यूटेरियमवालं बेंझीन डोळ्यांनी पाहिलंय. ते महागडं बेंझीन आमचे गाईड कपाटात कुलपाखाली ठेवत. मे महिना, बर्फाचं मशीन बंद, म्हणून खालच्या रसवंतीवाल्याकडून बर्फ आणला. दोन बंद नळ्या, एकीत साधं बेंझीन, दुसरीत हे महागडं, दोन्ही गोठवलेल्या. बीकरमधलं पाणी हळूहळू तापू दिलं. थर्मामीटर ६ वर टेकला तेव्हा साधं बेंझीन पाण्यासारखं स्वच्छ झालं होतं, दुसरी नळी अजून पांढरी. वितळायचे अंश ५.५ आणि ६.८. वितळायला उशीर आणि उकळायला घाई, असा हा विक्षिप्त कारभार! तुमच्या 'जड म्हणजे उशिरा'त यातलं अर्धंच बसतं.

तुमच्याकडे वेगळे आकडे असतील तर जरूर टाका. फक्त कुठल्या दाबाला, तेही लिहा. तापमानाचा धडा मला तुम्हीच दिलाय.